'नॉर्मल फॉर्म'ला सामान्यरूप म्हणावं का?

प्रश्न : नियम लावत लावत पदावली बदलत नेणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांवर मराठीत लिहितो आहे. 'रीराइट रूल'ला 'पुनर्लेखन-नियम' आणि 'नॉर्मल फॉर्म'ला 'सामान्यरूप' असे शब्द योजलेत. चालतील का?

उत्तर : सामान्यरूप कृपया नको. मराठी व्याकरणात तो शब्द कधीचाच रुळलाय आणि त्याचा अर्थ इथे नेमका उलटा पडतो. 'घोडा'ला 'ला' लागण्याआधी त्याचं 'घोड्या' होतं, ते सामान्यरूप. म्हणजे वाटेतलं रूप, प्रत्ययाची वाट पाहणारं. नॉर्मल फॉर्म म्हणजे ज्याला आता एकही नियम लागत नाही असं रूप. क, ख म्हणजे कोणतीही संख्या, पु(क) म्हणजे क च्या पुढची संख्या असं धरा आणि हे दोन नियम घ्या (बाणाच्या डावीकडचं दिसलं की त्या जागी उजवीकडचं लिहायचं) :

बेरीज(०, ख) → ख
बेरीज(पु(क), ख) → पु(बेरीज(क, ख))

दोन अधिक एक करून पाहू :

बेरीज(पु(पु(०)), पु(०))
→ पु(बेरीज(पु(०), पु(०)))
→ पु(पु(बेरीज(०, पु(०))))
→ पु(पु(पु(०)))

शेवटच्या ओळीत 'बेरीज' उरलीच नाही, गाडी थांबली. याला मी 'अंतिम रूप' म्हणेन. मधल्या दोन ओळी हव्या तर 'घोड्या'सारख्या!

'पुनर्लेखन' म्हटलं की लेख पुन्हा लिहून काढणं डोळ्यासमोर येतं. पाणिनीय परंपरेत यासाठी फार नेमकी जोडी आहे : जे जातं ते स्थानी, त्याच्या जागी येतो तो आदेश. 'इको यणचि' या सूत्राने 'इति + आदि' मधल्या इ च्या जागी य् येतो आणि 'इत्यादि' होतं. पुढे स्वर हवा, ही अटसुद्धा सूत्रातच आहे. पण संगणकाच्या मराठीत 'आदेश' म्हणजे कमांड असं पक्कं झालंय, म्हणून नाइलाजाने तो सोडावा लागतो. मला 'बदली-नियम' आवडतो. बदली खेळाडू येतो तेव्हा एक जण बाहेर जातो, इथेही तसंच. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत सुरू झालेल्या स्नोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेतही मजकुरात पॅटर्न सापडला की त्या जागी बदली मजकूर बसतो.

'पॅटर्न' मात्र तसाच ठेवा. 'आकृतिबंध' वाचून सरकारी कचेरीतल्या मंजूर पदांचा तक्ता आठवतो.

शंका : अंतिम रूपापेक्षा 'प्रमाणरूप' भारदस्त वाटत नाही का?

उत्तर : वाटतं, पण तो वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. क → ख आणि क → ग असे दोनच नियम असतील (इथे क, ख, ग ही ठरावीक चिन्हं), तर क ची अंतिम रूपं दोन होतात. नियम कोणत्याही क्रमाने लावले तरी काम थांबतं आणि शेवट एकच येतो, अशी खात्री असेल तेव्हाच त्या शेवटाला प्रमाणरूप म्हणावं. आणि बेरीज(क, ख) → बेरीज(ख, क) हा एकच नियम ठेवलात तर अदलाबदल थांबतच नाही. तिथे अंतिम रूपच नाही, हे मराठीत सरळ म्हणता येतं. 'सामान्यरूप नाही' म्हटलं असतं तर वाचकाला काय कळलं असतं?