मदत हवी आहे: निशिगंधाचे कंद रात्रीत गायब होताहेत – घूस, चिचुंद्री की आणखी कोण?

टेकडीकाठचा:

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरात, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी आमची जुनी सोसायटी आहे. तळमजला असल्याने मागे दहा बाय बारा फुटांची मातीची जागा मिळाली आहे. ती आईची बाग. एप्रिलच्या शेवटी तिने मामाकडून, साताऱ्याहून आणलेले निशिगंधाचे तीस कंद लावले. हिशेब असा की तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येतील आणि गौरींना घरची फुलं मिळतील. आज सकाळी मोजले, अकरा उरलेत.

वाफ्यात मूठ जाईल एवढी तीन बिळं आहेत, त्यातलं एक कुंपणाच्या भिंतीला लागून. तोंडाशी ताज्या मातीचा उकीर. निशिगंधाची पानं बाजूला पडलेली आणि खालचा कंद नाही. दोन कंद अर्धवट खाल्लेले सापडले, त्यांवर पटाशीने तासल्यासारखे घाव आहेत. शेजारीच अमरिलिस आहे. त्याचं उलटं: कंद शाबूत, पण पानांचे नुसते खुंट. मातीवर मोहरीपेक्षा मोठ्या काळ्या लेंड्या.

संशयितांची यादी लांबत चालली आहे. शेजारच्या काकांनी रात्री चिचुंद्री पाहिली, म्हणून ते पिंजरा घेऊन बसलेत. वॉचमन म्हणतो टेकडीवरून साळिंदर येतं. यूट्यूबवर सगळे 'मोल' (जमिनीखाली बोगदे करणारा छोटा प्राणी) म्हणतात. वाफा उकरताना पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या तीन अळ्याही मिळाल्या.

करून झालेले उपाय: लाल तिखट (पहिल्याच सरीत वाहून गेलं), डांबरगोळ्या, आणि प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र. यंत्राचे नऊशे रुपये गेले आणि त्याच्यापासून दोन हातांवर नवीन बीळ निघालं. विष घालायचं नाही हे घरात ठरलेलं आहे. सोसायटीत मांजरं आहेत आणि मागच्या गच्चीवर गव्हाणी घुबड येतं.

नक्की कोण आहे, आणि उरलेले अकरा कसे वाचवायचे?

चहाबाज:

घरातल्या कोणी छोटे कांदे समजून भरल्या वांग्यात टाकले नाहीत ना? (आमच्याकडे झालंय. ग्लॅडिओलसचे होते.)

बांधावरून:

दादा, वरची थट्टा सोडा, तुमच्याकडे चोर एक नाही, दोन आहेत. तुम्हीच लिहिलंय बघा: निशिगंधाचं खालचं गेलं आणि वरचं राहिलं, अमरिलिसचं वरचं गेलं आणि खालचं राहिलं. एकच प्राणी असं का करेल?

खालचा चोर घूस. मूठभर तोंडाचं बीळ, बाहेर उकीर, रुंद दातांचे घाव, सगळं तिचंच. अमरिलिसचा कंद तिने सोडला कारण त्यात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. निशिगंध दिसतो लिलीसारखा, पण नात्याने घायपाताच्या जवळचा. त्याचा कंद तिला गोड लागतो.

बाकीच्यांची सुटका करा. मोल हा प्राणी महाराष्ट्रात नाहीच, ते व्हिडिओ परदेशातले. साळिंदर आलं असतं तर बीळ करत बसलं नसतं, अख्खा वाफा उकरून गेलं असतं, आणि एखादा काटा तरी सापडला असता. चिचुंद्री कंद खात नाही, ती किडे खाते. तुम्हाला मिळालेल्या त्या पांढऱ्या अळ्या हुमणीच्या, त्याच तिचं जेवण. काकांना सांगा, पोलिसाला पकडायला निघालाय म्हणून.

हुमणी मुळं कुरतडते. झाड पिवळं पडतं आणि ओढलं की अलगद हातात येतं, पण कंद पळवत नाही. तीन अळ्या म्हणजे वेचून टाकण्याइतक्याच. फार निघाल्या तर शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळून घाला. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे दिसतील, तेव्हाच झाड हलवून गोळा करा.

घूस पक्की करायची शेतातली रीत सांगतो. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते चालू बीळ, बाकीची सोडून दिलेली. हातमोजे घाला, अनवाणी जाऊ नका. घुशीच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू पसरतो आणि पावसाळ्यात ओल्या मातीत टिकतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना बागेतलं हे काम आवर्जून सांगा. डांबरगोळ्या मात्र मातीतून काढून टाका, त्या विषारीच असतात आणि घूस त्यांना भीक घालत नाही.

फुलवेडी:

वरचा चोर माझ्या ओळखीचा आहे :) काळी अळी, अंगावर पांढरे आणि केशरी-लाल ठिपके, झुंडीने बसलेली? ती लिलीवरच्या पतंगाची अळी. अमरिलिस, स्पायडर लिली आणि कळलावी हे तिचं खाणं, पावसाळ्यात पुण्यात घरोघरी येते. कंद शाबूत असेल तर घाबरू नका, नवी पानं फुटतात. पण तीनदा पानं गेली तर कंद उपाशी राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फूल देत नाही.

औषधाआधी टॉर्च घेऊन संध्याकाळी वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके दिसतील, तेवढा तुकडा कापायचा. लहान अळ्यांवर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) चांगली चालते, मोठ्या झाल्या की दाद देत नाहीत. निंबोळी अर्क ५ टक्के, तोही पाऊस उघडल्यावर मारा, नाहीतर तुमच्या तिखटासारखंच होईल. खालची माती बोटभर हलवा, कोष तिथेच असतात.

टेकडीकाठचा:

चार दिवसांचा अहवाल. अळ्या तश्शाच होत्या, ठिपक्यांसकट. दोन संध्याकाळी मिळून त्रेसष्ट वेचल्या. आईने मोजल्या, मी फक्त टॉर्च धरला.

तीन बिळं बुजवली होती, त्यातलं भिंतीलगतचं सकाळी उकरलेलं होतं. पत्र्याखालच्या कोरड्या फरशीवर रांगोळी पसरून ठेवली होती, तिच्यावर पावलं उमटली. ती वाफ्याकडून थेट कंपोस्टच्या पिंपाकडे गेलेली. पिंपाचा तळ आम्हीच कापला होता, गांडुळं वर यावीत म्हणून. पिंप कलंडवला तर खाली चौथं बीळ. आणि आई त्यात उरलेला भात आणि पोळ्या टाकत होती. म्हणजे जेवणावळ आम्हीच घातली होती, कंद ही वरची कोशिंबीर.

बांधावरून:

मग औषध तिथेच आहे. शिजवलेलं अन्न बंद, पिंपाखाली जाळी, तोंडाला घट्ट झाकण. आयता भात गेला तर आठ-दहा दिवस ती कंदांवर जास्तच तुटून पडेल, म्हणून आधी कंद जाळीत घ्या. अर्धा इंची वेल्डेड जाळी, गॅल्व्हनाइज्ड. कोंबड्यांची षटकोनी पातळ जाळी नको आणि भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेटही नकोत, दोन्ही कुरतडते. फूटभर खोल खड्डा, तळाला आणि चारही बाजूंना जाळी, वर वीतभर उभी ठेवा. पिंजरा लावायचाच तर उंदराचा नको, मोठा हवा. आत ओलं खोबरं किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा.

टेकडीकाठचा:

बोहरी आळीतून जाळी आणली, रविवारी वाफा खणून बसवली. अकरा कंद आत आहेत. ते दोन अर्धवट खाल्लेलेही खराब भाग कापून, सावलीत दोन दिवस सुकवून आणि राख लावून पुरले. जगतील का?

फुलवेडी:

ज्याचा मधला कोंब शाबूत असेल तो जगेल. पण त्या दोघांची फुलं गौरींना नाहीत हो. जमलं तर दिवाळीला.

टेकडीकाठचा:

आईला वाचून दाखवलं. गौरींना मंडईतून आणू म्हणाली. काकांच्या पिंजऱ्यात काल खरंच चिचुंद्री सापडली होती, तिला आमच्या वाफ्यात आणून सोडली.