वंशवृक्ष सॉल्ट लेकला कोणी दिला?

नाना (पुणे): सर्व कुटुंबीयांस सविनय नमस्कार. काल रात्री ओंकारने आपल्या स्टेटसवर ठेवलेले छायाचित्र पाहून मी अस्वस्थ झालो आहे. त्यात आमचे वडील अप्पा यांनी हाताने काढलेला वंशवृक्ष एका टेबलावर पसरलेला दिसतो आणि काळी नामपट्टी लावलेल्या एक वृद्ध बाई हातात भिंग घेऊन त्यावर वाकलेल्या आहेत. त्या बाई आणि त्यांचे यजमान अमेरिकेतील सॉल्ट लेक शहरातील मॉर्मन चर्चचे मिशनरी आहेत, असे चौकशीअंती समजले. हा वंशवृक्ष कोणाच्या परवानगीने तेथे गेला, याचा खुलासा संबंधितांनी ग्रुपवरच करावा, मला स्वतंत्र फोन करू नये.

सुधीर (ठाणे): हयात व्यक्तींची जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव कोणत्याही संकेतस्थळावर देऊ नये, कारण बँका ओळख पटवण्यासाठी हेच प्रश्न विचारतात. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

बापू (डोंबिवली): नाना, आपल्या २००९ च्या पुस्तिकेच्या शेवटी तोच वंशवृक्ष घडीच्या पानावर छापलेला आहे आणि तिच्या उरलेल्या प्रती माझ्या पलंगाखाली पंधरा-सोळा वर्षे विश्रांती घेत आहेत. सॉल्ट लेकपर्यंत एक तरी प्रत पोहोचली, याबद्दल मी ओंकारचे अभिनंदन करतो.

नाना (पुणे): बापू, त्या पुस्तिकेच्या छपाईसाठी कोणी किती वर्गणी दिली आणि कोणी केवळ कबूल केली, याची वही माझ्याकडे आहे. तूर्त विषयांतर नको.

मुक्ता (सॉल्ट लेक): नाना, साष्टांग नमस्कार. छायाचित्र ओंकारने ठेवले असले तरी वंशवृक्ष मी नेला होता, म्हणून खुलासा मीच करते. मूळ कागद येथे नाही, पुस्तिकेतील घडीच्या पानाची छायाप्रत आहे. ते दोघे आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. दोघेही सत्तरीच्या आसपासचे असून आयडाहोतील आपले घर मुलाकडे सोपवून दीड वर्षासाठी येथील फॅमिलीसर्च या चर्चच्या वंशावळींच्या ग्रंथालयात सेवा करण्यास आले आहेत. आम्ही त्यांना आजी-आजोबाच म्हणतो. ग्रंथालय सर्वांना मोफत खुले आहे आणि तेथे धर्माविषयी आम्हाला आजवर कोणीही एक शब्द विचारलेला नाही. विचारतात ते एवढेच, की तुमची मंडळी मूळची कुठली.

बापू (डोंबिवली): दीड वर्ष म्हणजे पगार बरा असणार.

मुक्ता (सॉल्ट लेक): पगार अजिबात नाही, बापूकाका. घरभाडे, किराणा, औषधे हे सारे ते पदरचे खर्च करतात. चर्चचे तरुण मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष सेवेला जातात, हे आपण ऐकले असेल. निवृत्त जोडप्यांना सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतचा कालावधी निवडता येतो, आणि ज्यांना घरोघरी हिंडणे जमत नाही अशांपैकी कित्येक जण ग्रंथालयासारखी कामे पत्करतात. आजोबा प्रवेशद्वाराजवळ बसून आल्या-गेल्याचे स्वागत करतात आणि कोणाला कोणत्या मजल्यावर जायचे ते सांगतात. आजी जमिनीखालच्या मजल्यावर असतात, जेथे अमेरिकेबाहेरच्या देशांच्या नोंदी पाहिल्या जातात.

माई आत्या (नाशिक): मुक्ता, या वयात परक्या गावी दोघेच राहतात, तर त्यांच्या जेवणाखाण्याचे काय? तू त्यांना चहाला तरी बोलावतेस ना?

मुक्ता (सॉल्ट लेक): आत्या, पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने आले घालून चहा केला आणि दोघांनीही अत्यंत नम्रपणे कप बाजूला सारला. त्यांच्यात चहा, कॉफी, मद्य, तंबाखू सारेच वर्ज्य आहे. मग मसाला दूध करून दिले, ते मात्र आजोबांनी दोनदा मागून घेतले. सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे कुटुंबासाठी राखीव असते. इमारतीतील अशी आणखी काही जोडपी एकत्र जमतात, थोडी प्रार्थना होते आणि मग भरपूर चीज घातलेल्या बटाट्यांचे पातेले येते. या पदार्थाला येथे चक्क अंत्यविधीचे बटाटे म्हणतात, कारण कोणाकडे दुःखद प्रसंग घडला की शेजारीपाजारी तोच करून नेतात.

बापू (डोंबिवली): पिठल्याला इतके वाईट नाव आपण कधी ठेवले नाही.

नाना (पुणे): बटाटे राहू द्या. दीड वर्ष स्वतःच्या खर्चाने परक्यांचे पूर्वज शोधणारा मनुष्य काहीतरी हेतू धरून आलेला असतो. तो हेतू कोणता, हे मला सरळ शब्दांत सांगावे.

सुधीर (ठाणे): पुन्हा एकदा नम्रपणे निदर्शनास आणतो, की हयात व्यक्तींची जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव कोणत्याही संकेतस्थळावर देऊ नये.

मुक्ता (सॉल्ट लेक): नाना, हेतू ते लपवत नाहीत. मृत्यूनंतरही कुटुंब एकत्र राहते आणि जे पूर्वज बाप्तिस्मा न घेता गेले त्यांच्या वतीने त्यांचे वंशज चर्चच्या मंदिरात पाण्यात बुडी घेऊन तो विधी करू शकतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. गेलेल्या आत्म्याने तो स्वीकारावा की नाही हे त्या आत्म्यावरच सोडलेले आहे, असेही ते मानतात. एवढ्यासाठीच १८९४ साली त्यांनी वंशावळ मंडळ स्थापन केले आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्मिंग सुरू केले. मूळ फिल्म शहराबाहेरच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून १९६५ साली बांधलेल्या कोठारात आहेत. सुमारे चोवीस लाख रिळे होती, त्यांचे डिजिटायझेशन २०२१ मध्ये पुरे झाले.

नाना (पुणे): म्हणजे माझी शंका रास्त होती. उद्या अप्पांच्या नावाने कोणी तेथे बुडी मारली तर त्यास जबाबदार कोण? अप्पांनी आयुष्यभर संध्या चुकवली नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे.

बापू (डोंबिवली): अप्पा संध्येला बसत हे खरे, परंतु संध्या संपेपर्यंत वर्तमानपत्रातील निम्मे अग्रलेख वाचून होत, हेही सर्वांना ठाऊक आहे.

नाना (पुणे): बापू, गेलेल्या माणसाविषयी लिहिताना तारतम्य असावे.

मुक्ता (सॉल्ट लेक): नाना, आपली शंका अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. नाझी छळछावण्यांत बळी पडलेल्या ज्यूंच्या नावाने असे विधी झाल्याचे उघडकीस आले तेव्हा मोठा वाद झाला आणि १९९५ साली चर्चला ज्यू संघटनांशी करार करावा लागला. सदस्यांनी केवळ स्वतःच्या पूर्वजांची नावे द्यावीत, असा त्यांचा नियम आहे. शिवाय जन्माला एकशे दहा वर्षे झाली नसतील तर सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. अप्पांचा जन्म १९१८ चा, म्हणजे ती परवानगी आपण किंवा माई आत्यांनीच द्यायची. आपल्या कुटुंबात त्या चर्चचा सदस्य कोणीही नाही, त्यामुळे नाव सुचवणाराच कोणी नाही. हे सारे मी आजींना तोंडावर विचारले. त्या चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या की माझ्या आजोबांबद्दल मीही हेच विचारले असते.

ओंकार (सॉल्ट लेक): नाना, स्टेटस काढून टाकले आहे.

नाना (पुणे): बारा तासांनी काढून काय उपयोग? चोवीस तासांनी ते आपोआप जातेच.

माई आत्या (नाशिक): नाना, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे चित्रीकरण याच लोकांनी फार पूर्वी करून ठेवले आहे, असे आमच्या त्र्यंबकच्या उपाध्यायांनी मला सांगितले होते. पंड्यांनी करू दिले ना? मग आपल्या एका पानाचे एवढे काय?

मुक्ता (सॉल्ट लेक): खरे आहे आत्या. त्या वह्यांची पाने संगणकावर उघडता येतात, मात्र नाव टाकले आणि सापडले असे नेहमी होत नाही. गाव, पंड्याचे घराणे असा माग काढत हस्ताक्षरातील एकेक पान पाहावे लागते. आजींना देवनागरीचे अक्षरही येत नाही, तरी एका पंजाबी गृहस्थांसोबत त्या तासन्‌तास बसून राहतात. ते वाचतात, या पान क्रमांक टिपून घेतात. परवा त्या गृहस्थांना पणजोबांची सही सापडली तेव्हा दोघांनीही डोळे पुसले, असे आजोबांनी आम्हाला जिन्यात सांगितले.

बापू (डोंबिवली): आठवडाभर हेच? मंडळी रविवारी तरी उसंत घेतात का?

मुक्ता (सॉल्ट लेक): रविवारी ग्रंथालय बंद असते आणि ते दोघे चर्चमध्ये असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. आठवड्यात एक संध्याकाळ मंदिरासाठी असते, परंतु येथील मोठे मंदिर दुरुस्तीसाठी २०१९ च्या अखेरीपासून बंद आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीने बाउंटिफुल गावच्या मंदिरात जातात. शनिवारी कपडे, किराणा आणि नातवंडांशी बोलणे. आजोबांचे गुडघे दुखतात. आजींना धाकट्या नातीचे पहिले पाऊल पडद्यावर पाहावे लागले, ते मात्र त्यांना लागले आहे. त्या दिवशी त्या ग्रंथालयात उशिरा गेल्या.

माई आत्या (नाशिक): एकादशीला फराळावर दुप्पट खर्च करणाऱ्यांनी हे वाचावे. मी कोणाचेही नाव घेतलेले नाही.

बापू (डोंबिवली): घेतले नाही, पण साबुदाणा माझ्याच घशात अडकला.

सुधीर (ठाणे): मूळ मुद्दा बाजूला पडत आहे. हयात व्यक्तींची जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव कोणत्याही संकेतस्थळावर देऊ नये.

बापू (डोंबिवली): सुधीर, तू निर्धास्त झोप. आपल्या वंशवृक्षात कोणाच्याही आईचे नाव नाही, तर माहेरचे आडनाव चोरणार कोठून? अकरा पिढ्यांत पुरुषांना पुरुषच झालेले आहेत.

मुक्ता (सॉल्ट लेक): बापूकाका, आपण विनोदाने लिहिलेत, परंतु त्या दिवशी टेबलावर नेमके हेच झाले. फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर हयात माणसांची नोंद ती भरणाऱ्यालाच दिसते, तरीही सुधीरदादांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही कोणत्याही हयात व्यक्तीचे नाव घातलेले नाही. मूळ पुरुषापासून आरंभ केला. आजी प्रत्येक नावाशी थांबून विचारत, की यांची आई कोण. मी पुढच्या नावाकडे बोट सरकवले की त्या भिंग पुन्हा मागे नेत. तिसऱ्या पिढीजवळ ‘कन्या २’ असे बारीक अक्षरात लिहिलेले आहे, तेथे त्यांनी विचारले, की या दोघींना नावे नव्हती का. मला उत्तर देता आले नाही. आजींनी रागावून विचारले असते तर सोपे गेले असते, त्यांनी अगदी सहज विचारले.

नाना (पुणे): अप्पांना जे कागद मिळाले त्यांत जे होते ते त्यांनी उतरवले. वतनाच्या कागदांत बायकांची नावे क्वचितच येत असत. यात अप्पांचा दोष काढण्याचे कारण नाही.

माई आत्या (नाशिक): अप्पांचा दोष कोणी काढलेला नाही. परंतु २००९ साली पुस्तिका तू छापलीस, तेव्हा मी हयात होते, बोलत होते आणि फोनही घेत होते. त्या पानावर अप्पांच्या खाली तुझे नाव आहे, तुझ्या दोन्ही मुलांची आहेत आणि माझ्या जागी ‘कन्या १’ आहे. इतकी वर्षे मी काही म्हटले नाही.

बापू (डोंबिवली): मी तूर्त गप्प बसतो.

संध्याकाकू (पुणे): माई, हे मी यांना तेव्हाच सांगितले होते, परंतु पान आधीच छापखान्यात गेले होते. माझ्या सासूबाईंचे माहेरचे नाव द्वारका. माहेर वाईचे. लग्नानंतर त्यांचे नाव लक्ष्मी ठेवले, आणि स्वयंपाकघरात एकट्या असल्या की त्या स्वतःशी बोलताना स्वतःला द्वारकेच म्हणत. मुक्ता, तू दोन्ही नावे घाल.

माई आत्या (नाशिक): आणि आईच्या सासूबाईंचे नाव मी त्र्यंबकच्या वहीत स्वतः वाचले आहे. दादाआजोबा आपल्या वडिलांच्या कार्यासाठी गेले होते, त्या पानावर त्यांच्या सहीखाली सोबत कोण कोण आले ते लिहिलेले आहे. वरच्या ओळी मोडीत असल्यामुळे उपाध्यायांनी वाचून दाखवल्या. मी पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांच्या परवानगीने त्या पानाचे छायाचित्र काढते. ‘कन्या २’ कोण होत्या हेही मागच्या पानांत पाहते.

नाना (पुणे): छायाचित्र प्रथम येथे टाकावे. मी वाचून खातरजमा केल्याशिवाय एकही नाव पुढे जाऊ नये. मृत व्यक्तींची माहिती तेथे कोणीही बदलू शकतो असे ऐकतो, तेव्हा प्रत्येक नोंदीला आधाराचा कागद जोडलेला असावा. आईचे माहेरचे आडनाव मला ठाऊक आहे, वाईच्या घराचा जुना उताराही कपाटात आहे, तो मी शोधून पाठवतो.

मुक्ता (सॉल्ट लेक): आभारी आहे, नाना. कागद जोडण्याबद्दल आजींचाही हाच आग्रह असतो. त्यांचा कालावधी संपत आला आहे, म्हणून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मिळाले तर त्यांच्याच सोबत बसून भरता येईल.

सुधीर (ठाणे): मृत व्यक्तींबाबत माझी हरकत नाही. हयात व्यक्तींची जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव मात्र…

संध्याकाकू (पुणे): मुक्ता, माझेही माहेरचे नाव व गाव लिहून घे. स्वतंत्र कागदावर लिहून पाठवते.

नाना (पुणे): संध्या, सुधीरने चार वेळा लिहिले ते वाचले नाहीस का? तू हयात आहेस.

संध्याकाकू (पुणे): म्हणून तर आत्ताच सांगते आहे.