शाळेचं ग्रंथालय: १२ बाय १६ ची खोली, १८०० पुस्तकं, कुलपं तुटकी

कोयनाकाठ (पाटण):
नमस्कार. माध्यमिक शाळा, १२ तुकड्या. ग्रंथालयाच्या खोलीतच खेळाचं साहित्य आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. कपाटं पाच, दोनांना कुलूप लागत नाही, खिडकी रस्त्याला लागून. दर पडताळणीत पुस्तकं कमी भरतात. पावसाळ्यात खालच्या कप्प्याला बुरशी धरते. नवी खोली मिळणार नाही. सुरुवात कुठून करू?

घाटावरचा वाचक (सांगली):
सर, आधी हिशोब मांडा. तीन फुटी कपाट, पाच कप्पे म्हणजे १५ फूट. फुटाला १३-१४ मराठी पुस्तकं धरली तर कपाटात २००, पाचांत १०००. उरलेली ८०० जमिनीवर नाहीतर आडवी कोंबलेली असणार. कप्प्यात दोन रांगा लावल्या की मागची रांग कुणी वाचत नाही, आणि वजनाने पत्रा मधोमध वाकतो.

म्हणून पुस्तकं खोलीबाहेर काढा. तुकडीला एक पत्र्याची पेटी, ४० पुस्तकं, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली. दर महिन्याला पेट्या तुकड्यांत फिरवा. ४८० पुस्तकं तिथेच मार्गी लागली. जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं वेगळी काढा, पण निर्लेखनाचा (म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याचा) ठराव आणि मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय एकही रद्दीत घालू नका.

दाखल नोंदवही:
तुटक्या कपाटांना वेल्डिंगवाल्याकडून बाहेरून कडी-कोयंडा मारून घ्या. खिडकीला आतून एक इंची जाळी लावा आणि कपाटं तिथून हलवा. टेबल दारातच हवं, दप्तरं बाहेर. शिक्का नावाच्या पानावर आणि एका ठरलेल्या आतल्या पानावर, समजा ३७ व्या, तिथेच शाईने दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आल्यावर दाखल नोंदवहीत त्याला दिलेला क्रमांक. पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू येतं.

खरी गळती मात्र दहावीची असते. सराव परीक्षेआधी त्यांची देवघेव बंद करून पुस्तकं गोळा करा. पुस्तकासाठी दाखला अडवून ठेवू नका. त्या धाकाने पुढची मुलं पुस्तक घरी न्यायलाच कचरतात.

घाटावरचा वाचक (सांगली):
ओलीबद्दल राहिलं. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि खाली विटा. पाटणच्या पावसात दारं बंदच ठेवली की आत दमट कोंडतं, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा तासभर उघडा. मागच्या भिंतीवर टॉर्च मारून वाळवीची मातीची नळी दिसते का, ते महिन्यातून एकदा पाहा. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं आक्रसतात. पंख्याखाली उभं ठेवा, मधे कोरे कागद घाला आणि ते बदलत राहा. गुळगुळीत छापील पानं ओली असतानाच सुटी करा, वाळली की ती चिकटून एक होतात.

कोयनाकाठ (पाटण):
पेटीतलं पुस्तक हरवलं तर भरपाई कुणी करायची?

दाखल नोंदवही:
वर्गशिक्षकांवर वसुली लावली तर पेटी कुलूपबंदच राहील. यादीवर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या, दर शनिवारी मोजणी करा. आठवड्यातच कमी दिसलं तर पुस्तक बहुधा कुणाच्या तरी दप्तरात सापडतं. आणि दाखल नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. २०१९ सारखा महापूर आला आणि वहीच भिजली, तर काय गेलं हेही सांगता येत नाही.