दहा-अकरा व्हीएमच्या ऑफिसात टेराफॉर्म हवं का?

तापीकाठ, जळगाव
एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं आयटी मी एकटा बघतो. दोन सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक मशिनी चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात अकरा व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी मशिनी: अकाउंट, वजनकाटा, हजेरी, फाइल सर्व्हर वगैरे. मागच्या मे महिन्यात रात्री सर्व्हर रूमचा एसी ट्रिप झाला. दिवसा 45 अंश तापलेली भिंत रात्रीही निवत नाही. सकाळी एका सर्व्हरचा बोर्ड गेलेला होता.

डेटाबेसचे डंप (डेटाच्या प्रती) दुसरीकडे होते म्हणून डेटा वाचला. पण मशिनी परत उभ्या करायला तीन दिवस गेले. कुठल्या व्हीएमला किती कोअर, कोणता ब्रिज (नेटवर्कचा जोड), कोणता व्हीलॅन टॅग (नेटवर्कच्या वेगळ्या भागाचा नंबर), हे सगळं माझ्या आधीच्या मुलाच्या वहीत. वजनकाट्याच्या मशिनीपुढे एक आयपी खोडून वर दुसरा लिहिलेला, तोही खोडलेला. त्याला पुण्याला फोन लावला तर म्हणाला, "दादा, तिसरा दिला होता, वहीत लिहायचा राहिला."

त्यानंतर मी अकराही व्हीएम टेराफॉर्ममध्ये (कशा मशिनी हव्यात ते कोडमध्ये लिहिलं की तशा बनवणारं साधन) लिहून काढल्या आणि त्यांच्या आतलं कॉन्फिगरेशन अ‍ॅन्सिबलमध्ये (मशिनीच्या आतली मांडणी फाइलीवरून करून देणारं साधन) घेतलं. माझं ठाम मत झालंय की हे मोठ्या कंपन्यांपेक्षा आपल्याला जास्त लागतं. तिथे एक माणूस गेला तर चार उरतात. आपल्याकडे एकच मुलगा असतो आणि दोन-तीन वर्षांत तो पुणं गाठतोच. त्याच्या डोक्यातलं फाइलीत उतरलं पाहिजे.

पांझरेवरचा, धुळे
भाऊ, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं हे. तुम्ही फक्त डेटाबेसचे डंप घेत होता. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप घेतला असता तर त्यात डिस्कबरोबर व्हीएमचं कॉन्फिगही येतं: कोअर, रॅम, ब्रिज, टॅग सगळं. दुसऱ्या इमारतीत एक मशीन ठेवून रात्री बॅकअप तिकडे टाकला असता तर दुपारपर्यंत काम चालू. एक ओळ कोड लागत नाही.

आता माझा अनुभव ऐका. मी एका जिनिंगचं काम बघतो. ऐन सीझनमध्ये, गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग असताना वजनकाट्याची व्हीएम रखडायला लागली. मी रात्री वेब इंटरफेसमधून रॅम 8 ची 16 जीबी केली. सकाळी माझ्या जोडीदाराने दुसऱ्याच कामासाठी टेराफॉर्मचं अप्लाय (कोडप्रमाणे मशिनी बदलणारी आज्ञा) चालवलं. कोडमध्ये 8 लिहिलेलं, म्हणून टेराफॉर्मने रॅम परत 8 केली आणि वर मशीन रीबूट केलं. काटा बंद, शेतकरी उन्हात. त्या दिवशी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून कानात आहे.

शिवाय स्टेट फाइल हे आणखी एक सांभाळायचं प्रकरण. कुठली खरी मशीन कोडमधल्या कुठल्या नावाची, हे त्या फाइलीत असतं. पासवर्डही त्यात साध्या अक्षरांत बसतात.

तापीकाठ, जळगाव
बॅकअपचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आता मी तोही घेतो. पण बॅकअप कालची मशीन जशीच्या तशी परत देतो, आतल्या कचऱ्यासकट. ती तशी का आहे, ते सांगत नाही. माझ्या फाइलीत एका टॅगशेजारी लिहिलंय: "30, कारण कॅमेऱ्यांचं जाळं अकाउंटपासून वेगळं ठेवायचं." कोणी कधी काय बदललं ते गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सांगतं.

तुमच्या रॅमच्या प्रकरणात प्लॅनने (अप्लायआधी काय बदलणार ते दाखवणारी यादी) 16 ची 8 होणार हे आधी दाखवलंच असणार. तो न वाचता हो म्हटलं गेलं. मी रोज सकाळी 7 वाजता प्लॅन आपोआप चालवतो. डिटेल्ड एक्झिटकोडचा पर्याय लावला की फरक असल्यास 2 हा आकडा मिळतो, मग मला मेसेज येतो. रात्री हाताने केलेला बदल सकाळी डोळ्यांसमोर असतो.

स्टेट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. एक जण चालवत असताना लॉक लागतो, दोघांनी एकदम चालवलं तरी गोंधळ होत नाही.

पांझरेवरचा, धुळे
आणि तो पोस्टग्रेस कुठे आहे? त्याच सर्व्हरवर असेल तर बोर्ड गेल्यावर स्टेटही गेलं.

तापीकाठ, जळगाव
नाही भाऊ. अकाउंटच्या इमारतीत जुना डेस्कटॉप आहे, त्यावर. टेराफॉर्म त्याला हात लावत नाही. आणि समजा स्टेट गेलंच, तरी मशिनी जात नाहीत. इम्पोर्ट करून पुन्हा जोडता येतात. 1.5 आवृत्तीपासून इम्पोर्ट कोडमध्येच लिहिता येतं.

भुसावळची, सध्या पुणे
मी रोज एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) हेच काम करते, म्हणून दोघांनाही सांगते. "प्लॅन वाचा" एवढ्यावर सोडू नका. आमच्याकडे कोडमध्ये इमेज (मशीन ज्यावरून बनते तो साचा) निवडताना मोस्ट रीसेंट ट्रू होतं, म्हणजे नेहमी सर्वांत नवी इमेज. चार महिन्यांनी एकाने फक्त एक टॅग (इथे मशिनीवरचं लेबल) बदलायला अप्लाय चालवलं. दरम्यान नवी इमेज आली होती, आणि इमेज बदलली की ती मशीन पाडून नवी बांधली जाते. दोनशे ओळींच्या प्लॅनमध्ये "मस्ट बी रिप्लेस्ड" ही ओळ मधेच होती. रूट डिस्क मशिनीबरोबर पुसली गेली. त्यावर तीन आठवड्यांचे रिपोर्ट होते.

तेव्हापासून इमेजवर इग्नोर चेंजेस (यातला बदल सोडून दे) आणि महत्त्वाच्या मशिनींवर प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (ही मशीन पाडू नको). त्यातही एक भोक आहे: कोडमधून त्या मशिनीचा अख्खा ब्लॉकच काढला तर प्रिव्हेंट डिस्ट्रॉयही त्याच्याबरोबर जातं आणि मशीन पाडली जाते.

दादा, राग मानू नका, पण दोन सर्व्हर आणि ठरलेल्या अकरा मशिनी असतील तर मी अ‍ॅन्सिबल आणि बॅकअप एवढंच ठेवीन. अ‍ॅन्सिबलला एसएसएच (दुरून मशिनीत लॉगिन) पुरतं, स्टेट नाही, मशीन पाडायची भीती नाही. मशिनी सारख्या बनवायच्या-मोडायच्या असतात तिथे टेराफॉर्म शोभतं.

शहाद्याचा विद्यार्थी
टेराफॉर्म आता ओपन सोर्स राहिलं नाही ना? मग शिकावं का?

भुसावळची, सध्या पुणे
ऑगस्ट 2023 मध्ये लायसन्स बदललं. स्वतःच्या मशिनी सांभाळायला अडचण नाही, त्याच्याशी स्पर्धा करणारं उत्पादन विकणाऱ्यांना आहे. लिनक्स फाउंडेशनकडचं ओपनटोफू हे त्याचं ओपन सोर्स रूप त्यातूनच निघालं. भाषा जवळजवळ तीच, आणि 1.7 पासून त्यात स्टेट एन्क्रिप्ट करता येतं. बिनधास्त शिक.

पांझरेवरचा, धुळे
ताईंचं पटलं. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. भाऊ, तुम्ही गेल्यावर येणाऱ्या मुलाला ही फाइल वाचता येईल का? वही निदान वाचता तरी येत होती.

तापीकाठ, जळगाव
हेच मी करून पाहिलं. चोपड्याचा डिप्लोमा झालेला मुलगा दिवाळीनंतर कामाला आला. चौथ्या दिवशी त्याला हजेरीच्या मशिनीसारखी दुसरी मशीन कोडवरून उभी करायला सांगितली आणि मी डबा खायला गेलो. परत आलो तर मशीन चालू होती. त्याने एकच विचारलं: "सर, कॅमेऱ्याला 30 टॅग आहे, मग गेटवरच्या कॅमेऱ्याला 20 का?" चूक माझी होती, दीड वर्षापासूनची. वहीत ती मला कधी दिसली नसती.

पांझरेवरचा, धुळे
बरं. हजेरीची एक व्हीएम इम्पोर्ट करून बघतो. वजनकाट्याला मात्र कापूस संपेपर्यंत हात लावणार नाही. ती सकाळी 7 ची स्क्रिप्ट इथे टाका.