‘प्रीती सर्व काही सहन करते’ म्हणजे नेमके काय?

सांजवात (प्रश्न)

सर्वांना सलाम. आम्ही नगरचे, ख्रिस्ती कुटुंब. माझ्या यजमानांना चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात अजून कामाचा झालेला नाही. एमआयडीसीतले त्यांचे लेथचे वर्कशॉप बंद पडले, पतसंस्थेचे हप्ते मात्र चालूच आहेत. मी नोकरी करते, सासूबाईंचे आणि दहावीतल्या मुलाचे पाहते आणि उरलेल्या वेळात यजमानांची अंघोळ, व्यायाम, औषधे असे सगळे करते.

गेल्या आठवड्यात त्यांनी आमटीची वाटी लोटून दिली, कारण मी ती सवयीने त्यांच्या उजव्या हाताला ठेवली होती. मी काहीच बोलले नाही. फरशी पुसली, आणि पुसता पुसता मनात जे आले ते इथे लिहिण्याजोगे नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लग्नात पाळकसाहेबांनी वाचलेले विसरलीस का? प्रीती सर्व काही सहन करते.’’

माझी अडचण अशी आहे की माझ्या हातून सेवा होते, प्रीती होत नाही. पूर्वी त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मला बरे वाटायचे. आता त्यांनी हाक मारली की पोटात गोळा येतो. अशी कोरडी सेवा देवाला मान्य होते का, की हे निव्वळ ढोंग आहे? मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) हे कोणाला विचारण्याचा मला धीर होत नाही.

जुना पाळक

प्रिय बहीण, हे वचन ज्यात आहे तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नात वाचण्याचा प्रघात पडला असला तरी प्रेषित पौलाने तो नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. करिंथची मंडळी आपसांत भांडत होती, प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा तिथे कोणी भुकेला राही तर कोणी पिऊन मस्त होई, अशा लोकांना ते पत्र गेले आहे. म्हणजे प्रीती आटल्यासारखी वाटते त्या घरासाठीच ते शब्द आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असे वाचतो आणि आपल्याला ती विशेषणे वाटतात, म्हणजे आपला स्वभावच तसा असायला हवा असे वाटते. मूळ ग्रीकमध्ये चौथ्या ते सातव्या वचनात ओळीने क्रियापदे आहेत: प्रीती काय करते आणि काय करीत नाही एवढेच पौल सांगतो, तिला काय वाटते याबद्दल तो बोलत नाही. त्यामुळे तुम्ही ज्याला कोरडी सेवा म्हणता, तिला प्रीती म्हणायला पौलाची हरकत नसावी.

आता ‘सहन करते’विषयी. तिथल्या ‘स्टेगो’ या क्रियापदाचे नाते छपराच्या शब्दाशी आहे. झाकणे, आत पाणी येऊ न देणे, वरचा भार पेलणे, असे अर्थ त्यात येतात. छप्पर घरातल्या माणसांना सांभाळते, आणि ते गळू लागले तर शाकारणी करावी लागते, नुसते ‘सहन कर’ म्हणून भागत नाही. सासूबाईंनी वचन बरोबर सांगितले, पण ते ज्याने त्याने स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला सांगू लागलो की त्याची काठी होते. (मी स्वतः चाळीस वर्षांच्या सेवेत ही काठी पुष्कळदा वापरली आहे, म्हणून लिहितो.)

फरशी पुसताना मनात आले ते देवापुढे जसेच्या तसे बोला. ८८ वे स्तोत्र उघडून पाहा: ते तक्रारीने भरलेले आहे आणि शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

वसईकर

पाळकसाहेबांनी वचनाचे सांगितले, मी पलंगावरच्या माणसाची बाजू सांगतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी आठ महिने पडून होतो. माझ्या पत्नीने माझे सगळे केले आणि एकदाही आवाज चढवला नाही, आणि ताई, खरे सांगतो, मला त्याचाच राग येत असे. ती माझ्याशी भांडत नाही म्हणजे तिने मला हिशेबातून वगळले आहे, असे मला वाटे. घरातले पैसे, मुलीचे ॲडमिशन, विहिरीची मोटार, सगळे निर्णय परस्पर होत, का तर मला त्रास नको. मीही ताट लोटलेले आहे.

एका संध्याकाळी ती भाजी निवडायला बसली आणि वालाच्या शेंगांची परडी तिने माझ्या पोटावर आणून ठेवली. म्हणाली, ‘‘हात तर चालतात ना?’’ त्या दिवशी मी अर्ध्या शेंगा वाया घालवल्या, पण दुसऱ्या दिवशी परडी आली नाही तेव्हा मीच मागितली. पुढे लाइट बिल, वाण्याचा हिशेब, मुलीच्या शाळेत फोन करणे ही माझी कामे झाली. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे दुसऱ्या वचनात आहे आणि तीनच वचने पुढे प्रत्येकाने आपापला भार वाहावा असेही आहे. मला ही दोन वचने विसंगत वाटत. आजारपणात त्यांचा मेळ लागला.

आणखी एक. आमच्याकडे कॅथलिक जोडप्यांसाठी ‘मॅरेज एन्काउंटर’ची शिबिरे होतात, त्यात नवरा-बायकोंनी एकमेकांना पत्र लिहून मगच बोलायचे असते. लिहायला दहा मिनिटे, बोलायला दहा मिनिटे. बोलताना तोंडातून जे वाकडे येते ते लिहिताना पुष्कळसे सरळ होते. डाव्या हाताने चार ओळी लिहिता आल्या तरी पुरे.

पायरी

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दोन गोष्टी राहून गेल्या. पक्षाघातानंतर अनावर राग किंवा रडू येणे हे पुष्कळदा मेंदूला झालेल्या इजेमुळे असते, नैराश्यही अनेकांना येते, आणि दोन्हींवर उपचार आहेत. पुढच्या तपासणीच्या वेळी वाटीचा प्रसंग डॉक्टरांना सांगा. ती घरातली उणीदुणी काढणे नव्हे, ते लक्षण सांगणे आहे.

दुसरे असे की ‘सहन करा’ हा उपदेश आपल्या मंडळ्यांत मार खाणाऱ्या स्त्रियांनाही केला जातो, म्हणून इथे वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी लिहिते. वाटी लोटणारा आजारी माणूस वेगळा आणि हात उगारून धाकात ठेवणारा माणूस वेगळा. या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि विवाह अतूट मानणाऱ्या कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतही जोडीदारापासून गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा आहे.

सांजवातताई, तुमच्याच गावातले उदाहरण द्यायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे देता येईल. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर दोघांची ताटातूट झाली, ती काही वर्षे टिकली. नगरला नवऱ्याजवळ आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही, आणि बाप्तिस्मा घेतला तो पुढे १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आठवणींच्या पुस्तकात हे जोडपे सतत भांडताना दिसते, रुसताना दिसते, आणि त्याच पानावर हसतानाही दिसते. त्यांनी मुकाट्याने सोसले असते तर ते पुस्तक लिहून झाले नसते, असे मला नेहमी वाटते.

सांजवात

सर्वांची आभारी आहे. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आहे, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील असे म्हणाले. माझ्या नणंदेला फोन करून मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितले की महिन्यातले दोन रविवार मला उपासनेला एकटीने जायचे आहे, त्या दिवशी तिने यावे. ती थोडी नाराज झाली, पण येते.

वसईकरदादा, पत्राचा प्रयोग केला. मी पानभर लिहिले आणि वाटीचेही लिहिले. त्यांनी वीस मिनिटे लावून डाव्या हाताने, मुलाच्या जुन्या दुरेघी वहीत, दोनच ओळी लिहिल्या: ‘आमटीत मीठ नसते. तू हल्ली वचन वाचताना घाई करतेस.’ मिठाचे मी त्यांना सांगितले, तो डॉक्टरांचा हुकूम आहे. दुसरी तक्रार खरी आहे. त्यावरून आम्ही बऱ्याच दिवसांनी भांडलो.