जानेवारीत खाडी आणि बेटांवरचे पक्षी पाहायचे आहेत : जागा व वेळ सुचवावी

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही नाशिकचे असून माझे वडील 72 वर्षांचे आहेत. आम्ही दोघे दर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जातो, त्यामुळे गोड्या पाण्यातली बदके आणि क्रौंच परिचयाचे आहेत. परंतु खाडीच्या चिखलावर उतरणारे पक्षी आम्ही नीट पाहिलेले नाहीत. गेल्या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठाणे खाडीवर पोहोचलो, तर समोर कांदळवनाच्या मुळापर्यंत पाणीच पाणी होते. दोन तास थांबून चार बगळे पाहिले आणि परतलो. यंदा तीन दिवस हाताशी आहेत. वडिलांना फार चालवत नाही. कुठे जावे? वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर उतरून समुद्रपक्ष्यांची घरटी पाहता येतील का?

मिठागर

आपली जागा चुकली नव्हती, वेळ चुकली. टिलवे, चिखल्या, मालगुजे, कोरल हे पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले किडे, शंख-शिंपले आणि खेकडे खातात. भरतीने चिखल झाकला, की त्यांना पाणी न चढणाऱ्या जागी थव्याने विसावावे लागते. त्यामुळे घड्याळाआधी पंचांग पाहावे. मुंबईच्या किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात आणि जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असे धरतात. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि ती उधाणाची असते. आपल्याला नुसते पाणी दिसले ते त्यामुळेच. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला, पाणी कमी ओसरते, म्हणून चिखलही कमी उघडा पडतो. खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोहोचते, एवढी सूट ठेवावी आणि निघण्यापूर्वी छापील भरती-कोष्टकाशी वेळ ताडून पाहावी.

जागेबद्दल विचाराल तर पहिला दिवस ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीला द्यावा. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. तेथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट सुटते, म्हणून वडिलांना चालावे लागणार नाही. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, तेव्हा आरक्षण आधी करावे. रोहित (फ्लेमिंगो) जानेवारीत भेटतात, मात्र त्यांची संख्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिक असते. लहान रोहित पाण्यातले सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो, त्यामुळे तो उथळ पाण्याच्या कडेने सरकत राहतो. पाणी चढू लागते तेव्हा उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर थवे एकवटतात आणि बोटीतून ते फार चांगले दिसतात.

दुसऱ्या दिवशी मात्र भरतीच्या वेळी उरणच्या पाणथळींकडे किंवा भांडुप बाजूच्या मिठागरांकडे जावे, कारण खाडीवरचे थवे तेव्हा अशाच ठिकाणी विसाव्याला येतात. मला सर्वांत जास्त काळजी याच जागांची वाटते. कांदळवनाला न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण तरी आहे. मिठागरे आणि उथळ तळी अनेकांना पडीक वाटतात आणि त्यांत भराव पडतो. चिखल शाबूत राहिला आणि विसाव्याची जागा गेली, तर दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीत पक्ष्याने बसावे कुठे?

बंदरपाखाडी

बेटांपुरते लिहितो. वेंगुर्ला रॉक्सवर उतरू नये, ही कळकळीची विनंती. तेथील अंधाऱ्या गुहांत भारतीय पाकोळी लाळेने घरटी बांधते. परदेशातील मागणीमुळे त्या घरट्यांची चोरी होत असे; या शतकाच्या सुरुवातीला ती उघडकीस आली आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी तर उघड्या खडकावर अंडी घालतात. माणूस चढला, की सारी वसाहत हवेत उठते आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात किंवा दुसरे पक्षी ती पळवतात. कोल्ह्याकुत्र्यांपासून दूर राहता येते म्हणूनच हे पक्षी बेट निवडतात. तिथे आपणच पोहोचलो तर बेटाचा उपयोग संपला. एका बोटवाल्याने मला पूर्वी अशाच एका बेटावर उतरवले होते आणि ते दृश्य मी विसरू शकत नाही. समुद्र शांत असल्यास बोट बेटापासून लांब ठेवून दुर्बिणीने पाहावे. जानेवारीत घरटी पाहण्याचा आग्रहही नको.

मांडवीतीर

बेटच हवे असेल तर पुढे कधी गोव्यातले चोडण निवडावे. बेटाच्या पश्चिम टोकाला सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर आहे आणि रायबंदरहून फेरीबोटीने तिथे जाता येते. खारफुटीतले मार्ग भरतीला भरतात, म्हणून इथे हिशोब उलटा : होडीने आत जायचे असेल तर भरती, चिखलावरचे पक्षी हवे असतील तर ओहोटी. खंड्यांच्या अनेक जाती तिथे एकाच सकाळी दिसू शकतात.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. बेटावर उतरण्याचा विचार सोडून दिला आहे. वडिलांनी पंचांग काढून पौष वद्य तृतीया ते पंचमी असे दिवस ठरवले. तृतीयेला सव्वादोनची भरती येते, म्हणून त्या दिवशी ऐरोलीच्या बोटीची चौकशी करते. चतुर्थीला सकाळी नऊला चिखल पाहून दुपारी तीनपूर्वी उरणला पोहोचता येईल, असे वाटते. तेथे रस्त्यालगत गाडीतूनच पाहता येईल अशी जागा कोणास ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

मिठागर

पाणजे बाजूने जावे, मात्र सूर्य पाठीशी राहील अशा कडेला गाडी थांबवावी आणि दार उघडू नये. गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत. उभ्या माणसाला बुजतात.