चार वर्षांच्या मुलाला घरकामात घेतलं तर तो नेमकं काय शिकतो, आणि मी काय करायचं?

कोवळं_ऊन :

मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. एक ते वीस घडाघडा म्हणतो, म्हणून त्याला अंक येतात असं मी धरून चालले होते. मागच्या आठवड्यात जेवायला बसताना म्हटलं, "राजा, चार चमचे आण." त्याने मूठभर आणले. मोज म्हटलं तर बोट लावून सात नीट मोजले. "मग किती आहेत?" असं विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून एक, दोन, तीन... असं तीनदा झालं. चौथ्यांदा माझा आवाज चढला. त्याने चमचे टेबलाखाली टाकले आणि आजीच्या खोलीत जाऊन बसला. तेव्हापासून "मोजू या" म्हटलं की पळतो.

गिरवायच्या चार वह्या आणून ठेवल्यात. एकीचीही दोन पानं पूर्ण झालेली नाहीत. त्याच्याच वयाची आत्तेबहीण शंभरपर्यंत लिहिते, आणि ते मला दर आठवड्याला फोनवर ऐकायला मिळतं.

सगळे सांगतात, मुलं घरातल्या कामांतून शिकतात. पण म्हणजे काय करायचं? मी साडेसहाला घरी येते. त्यानंतर कपड्यांच्या घड्या, स्वयंपाक, आवराआवर यातच दीड तास जातो. त्याच वेळात त्याला काही देता येईल का? आणि हे चमच्यांचं काय, त्याला काही अडचण आहे का? कृपया नेमकं सांगा, मी खरंच काळजीत आहे.

दोन_लेकींचा_बाबा :

आमच्याकडे मोज्यांनी काम केलं. धुतलेले सगळे मोजे पलंगावर ओतायचे आणि मुलीला जोड्या लावायला सांगायचं. आधी ती फक्त रंग बघायची. मग तिच्या लक्षात आलं की माझा काळा आणि तिचा काळा एक नाही, लांबीही बघायला हवी. दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला तिला दोनेक महिने लागले. एक मोजा उरला की पुढची दहा मिनिटं तो कुठे गेला असेल यावर गप्पा.

लिहिण्याच्या बाबतीत एक सांगतो. मोठी सत्तावीस ऐकून ७२ लिहायची आणि मी वैतागायचो. मग लक्षात आलं की आपल्या बोलण्यात 'सत्ता' आधी येतो आणि 'वीस' नंतर, लिहिताना मात्र २ आधी. ती जसं ऐकत होती तसंच लिहीत होती. दहा-दहा चिमट्यांचे गठ्ठे आणि सुटे चिमटे असं मांडायला लागलो, तेव्हा सुटलं ते. शंभरपर्यंत लिहिणाऱ्या भाचीचं मनावर घेऊ नका. लिहिणं आणि कळणं वेगवेगळं असतं.

बालवाडीतली_ताई :

वयाने मी मोठी असणार, म्हणून तू म्हणते. सव्वीस वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर घालवली आहेत आणि तू सांगितलेला चमच्यांचा प्रसंग मी शेकडो वेळा पाहिला आहे. तुझा मुलगा अगदी वाटेवर आहे.

त्याला मोजायचं गाणं येतं. प्रत्येक चमच्याला एकच शब्द द्यायचा हेही येतं, आणि ते सोपं नसतं, कितीतरी मुलं एकाच वस्तूला दोनदा बोट लावतात. अजून कळायचं आहे ते इतकंच, की मोजताना शेवटी आलेला शब्द म्हणजे सगळे मिळून किती. गेलमन आणि गॅलिस्टल या दोन अभ्यासकांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यावर लिहिताना ही तत्त्वं वेगवेगळी करून मांडली, त्यात हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. बऱ्याच मुलांना ते साडेतीन-चारच्या आसपास उमगतं, काहींना आणखी थोडं पुढे. तोपर्यंत "किती?" म्हणजे "मोजून दाखव" असंच त्यांना वाटतं. तू विचारलंस, त्याने मोजून दाखवलं. त्याने तुझं ऐकलंच होतं गं.

आता काय करायचं ते. चारवरून दोनवर ये. दोन आणि तीन या संख्या मुलांना न मोजता नजरेने दिसतात. "मला दोन चिमटे दे." दिले की तू म्हण, "दोन. एक, दोन. दोन चिमटे." संख्या आधी, मोजणं मध्ये, संख्या पुन्हा शेवटी. एवढंच, त्याला काही विचारायचं नाही. दोन पक्के झाले की तीन.

आणि चमचे काही दिवस बाजूला ठेव. त्याच्या मनात आता चमचे म्हणजे तुझा चढलेला आवाज. ताटं मांडायला दे, पण आकडा सांगू नकोस. "आजीचं, बाबाचं, तुझं, माझं" असं माणसागणिक एक ताट. माणूस आणि ताट यांची जोडी लागते, तिथेच संख्येचा पाया पडतो. एखाद्या दिवशी कोणी घरी नसेल तर बघ तो काय करतो. वजाबाकी तिथे आपल्या पायांनी चालत येते.

घड्या घालतेस ना? हातरुमाल त्याचे. चौकोनाला चौकोन जुळवला की अर्धा, पुन्हा दुमडला की पाव, कोपऱ्याला कोपरा लावला की त्रिकोण. हे शब्द तू बोलत राहा, त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. एकदा एका मुलीने माझ्यासमोर रुमाल आठ वेळा उलगडला आणि पुन्हा दुमडला, कारण तिला कडा बरोबर जुळायला हव्या होत्या. तोंडातून शब्द नाही, जिभेचं टोक बाहेर. मी शेजारी बसून होते. त्या पाऊण तासात तिला दुसरं काही शिकवायला गेले असते तर ते माझंच चुकलं असतं.

वाळत घालताना चिमटे त्याच्या हातात दे. अंगठा आणि तर्जनी यांनी चिमटा दाबायचा म्हणजे ज्या बोटांत उद्या पेन्सिल धरायची त्याच बोटांचं काम. या वयात हाताची पकड अजून घडत असते, गिरवण्याच्या वहीची घाई त्यासाठीच नको. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तिथली मुलंही हात धुणं, बटणं लावणं, झाडलोट अशी खरी कामं करायची. लिहिणं त्या हातांतूनच पुढे आलं. काम खरं असावं लागतं. खोटा झाडू दिला की मुलाला कळतं.

आंघोळीच्या वेळी एक उंच अरुंद पेला आणि एक पसरट भांडं दे. एकातलं पाणी दुसऱ्यात ओतू दे. उंच पेल्यात जास्त पाणी आहे असं तो छातीठोकपणे सांगेल. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवून दिलं, आणि सहा-सात वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांना तसंच वाटतं. समजावून उपयोग नसतो. "असं का वाटतं तुला?" विचार आणि ऐक. फक्त पाणी असेल तिथून क्षणभरही उठू नकोस, काही सेंटिमीटर पाणीही लहान मुलाच्या जिवाला धोक्याचं असतं.

आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं. ज्याचं उत्तर तुला माहीत आहे ते विचारू नकोस. "हा रंग कोणता?" ही परीक्षा झाली. "मला निळा मोजा सापडेना" ही मदतीची हाक झाली. हाक मारली की थांब, मनातल्या मनात दहापर्यंत मोज. त्याला शब्द शोधायला तेवढा वेळ लागतो आणि आपण मोठी माणसं दोनवरच तोंड उघडतो. रोज दीड तास जमणार नाही, तू दमून येतेस. वीस मिनिटं एकच काम त्याच्याबरोबर कर, बाकीची कामं तुझ्या वेगाने उरक.

पाऊलवाट :

ताईंचं सगळं पटलं. एक भर घालते, कारण माझ्याकडून ते राहून गेलं होतं.

माझी मुलगी साडेतीनची असताना "वाटी आण" म्हटलं की काठी आणायची. मला ते गोड वाटायचं. पाठ वळवून हाक मारली तर उत्तर नाही, मला वाटायचं खेळात रमली आहे. ज्यांना दाखवलं त्यांनीही "बोलेल हळूहळू" म्हणून परत पाठवलं आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. शेवटी दुसरीकडे श्रवणचाचणी झाली. कानाच्या पडद्यामागे पाणी साठत होतं, त्यामुळे ऐकू येणं कधी कमी कधी जास्त. लहान मुलांत हे बरंच आढळतं. उपचार झाले, आता ती माझं डोकं खाते इतकी बोलते.

म्हणून कोवळं_ऊन, कामं करताना हेही बघा : तो तुमचा चेहरा न पाहता सांगितलेलं करतो का, "पलंगाखालचा मोजा बादलीत टाक" अशी दोन पायऱ्यांची सूचना पेलते का. तुमच्या लिहिण्यावरून तो ठीकच वाटतो. पण शंका आली तर कान तपासून घ्या, थांबू नका.

कोवळं_ऊन :

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते.

कान ठीक असावेत. मागून हळू आवाजात "मोजा बादलीत टाक, मग माझ्याकडे ये" म्हटलं, दोन्ही केलं. वह्या कपाटात ठेवल्या. रोज घड्यांची वीस मिनिटं आमची. पहिले चार दिवस काम दुप्पट वेळ चाललं आणि माझा हात सारखा पुढे जायचा, तो मांडीखाली दाबून बसायचे. दहापर्यंत थांबणं सर्वांत अवघड गेलं. आठवर असताना तो बोलतो, हे मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं मी त्याच्या मध्येच बोलत होते.

दोन आणि तीन येतात आता. तीन चिमटे माग, तीनच देतो, मूठ नाही. चार अजून डळमळीत आहेत.

काल आजी मावशीकडे राहायला गेली होती. त्याने नेहमीप्रमाणे चार ताटं काढली. मी जीभ चावून गप्प राहिले. बाबाचं, माझं, त्याचं मांडलं आणि चौथं हातात धरून उभा राहिला. बराच वेळ. मग ते आजीच्या जागेवर पालथं ठेवलं आणि म्हणाला, "हे उद्याचं."

चमच्यांना मात्र अजून हात लावत नाही. मीच हळूच आणून द्यावेत का?

बालवाडीतली_ताई :

नको. ताटांजवळ चमच्यांचा डबा उघडा ठेव आणि तू पाणी भरायला जा.